पान सातवरच्या पाच ओळी

डोंबिवली पूर्व
२३ जानेवारी २०२५

चि. कल्पिता हिस आशीर्वाद.

आईचा झोपाळा. आमच्या घराचं फाटक. तुझ्या लग्नातला चौरंग. टेंभी नाक्यावरच्या एका मंडळाच्या देवीमागची कमान, लागोपाठ दोन नवरात्रं. लोकमित्र वाचनालयाची सगळी पुस्तकांची कपाटं, बाकं आणि पेपर वाचायच्या उतरत्या फळ्या. आणि आता ही मतपेटी. हे माझ्या हातचं काम. यातल्या एकाही वस्तूला आजवर कोणी 'खोकं' म्हटलेलं नव्हतं. ते तुझ्या 'खाडीकिनारा'ने म्हटलं. 'लाकडी खोक्यात मतदान पार पडले.' हल्ली त्या शब्दाला कसला वास येतो ते पेपरवाल्यांना मी सांगायला नको.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू 'हो रे दादा, बघते' म्हणतेस आणि मागे कोणीतरी ओरडत असतं. लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचशील.

आता जे झालं ते क्रमाने सांगतो. तुला माहीत असेल, पण तुझा पेपर वाचून कळण्यासारखं नाही म्हणून सांगतो. रविवारी वाचनालयाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एकीकडे सुमतीबाई ओक, ज्यांनी उभा जन्म तिथे ग्रंथपाल म्हणून काढला. दुसरीकडे प्रशांत केणे, बिल्डर. बाई म्हणतात, आहे ती वास्तू दुरुस्त करू. प्रशांत म्हणतो, पाडू आणि सात मजले चढवू, वाचनालयाला पहिला मजला देऊ. सह्या करून मतपत्रिका घेतल्या चारशे बारा सभासदांनी. पेटीतून निघाल्या चारशे पाच. प्रशांत तीन मतांनी आला.

म्हणजे सात मतं गेली कुठे? निवडणूक अधिकारी म्हणून बसवलेले सहदेव ठोंबरे गुरुजी म्हणाले, "अहो, लोक कागद खिशात घालून घरी नेतात. दर वेळी होतं." सुमतीबाईंनी तिथल्या तिथे लेखी तक्रार दिली आणि तिची प्रत तुमच्या वार्ताहराच्या हातात ठेवली.

सोमवारचा अंक समोर घेऊन बसलोय. पान तीन: हार घातलेला प्रशांत, चार कॉलम रुंद, साडेतेरा सेंटिमीटर उंच. पान सात: सुमतीबाईंची तक्रार, एक कॉलम, पाच ओळी, त्यात 'किरकोळ तफावत' हे दोन शब्द. वर कोचिंग क्लासची जाहिरात, खाली हरवलेल्या पोपटाचं निवेदन. पोपटाला सहा ओळी आहेत. पोलादी पट्टीने मोजलंय, अंदाजाने नाही. आणि शेवटच्या पानावर अख्खंच्या अख्खं 'केणे हाइट्स'.

मी कोणाच्याच बाजूचा नाही. पेटी मी वाचनालयाला विनामोबदला करून दिली. ती कोणी फोडली नाही, सीलला धक्का लागला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. माझी मागणी एवढीच, की सुमतीबाईंची तक्रार शब्दन्‌शब्द छापावी. आत्याला नमस्कार.

काळूदादा

*

घोडबंदर रोड, ठाणे
२९ जानेवारी

ती. काळूदादास नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. आमच्याकडे हाताने लिहिलेलं पाकीट आलं की लोकांना वाटतं वाचकाची कविता आहे. सगळे जमले. मी म्हटलं, कविता नाही, माझा मामेभाऊ आहे.

उत्तर मी कॅबमध्ये लिहितेय. मानपाड्याच्या पुढे गाडी हललेली नाही, त्यामुळे अक्षर अजून तरी सरळ आहे.

दादा, तू मोजलंस ते सगळं बरोबर. मी अंक काढून बघितला, साडेतेराच आहे. पण ते तसं का झालं हे पट्टी सांगत नाही, म्हणून मी सांगते. रविवारी आमच्याकडे माणसं निम्मी असतात. पान तीन छपाईला लवकर सोडावं लागतं. तिथे एका दवाखान्याची जाहिरात होती, ती ऐन वेळी रद्द झाली आणि भलं मोठं भोक पडलं. हातात होतं काय? प्रशांतच्या माणसांनी पाठवलेला फोटो. तो ताणून बसवला. सुमतीबाईंची तक्रार आली तेव्हा फक्त पान सात उघडं होतं, तेही पोपटाच्या वर एवढंच. 'खोकं' हा शब्द आमच्या डोंबिवलीच्या वार्ताहराचा, नीलचा. मुलगा चांगला आहे, घाईत असतो. मी तो शब्द बघायला हवा होता. नाही बघितला. सॉरी.

'केणे हाइट्स'ची जाहिरात दर सोमवारी असते. निवडणूक नसतानाही असते. आता तू म्हणशील, म्हणूनच. जाहिरातवाल्यांचा फोन येतच नाही असं मी तुला सांगणार नाही. पण त्या रविवारी आला नव्हता.

तक्रार कापली ती मात्र मी. ते खरं आहे. जागेसाठीच कापली असं समज. पुन्हा छापा असा हट्ट धरू नकोस, माझं ऐक. दोन आठवड्यांत लोक विसरतील.

आई विचारतेय, बायजामामीचे गुडघे कसे आहेत? आणि झोपाळ्याच्या कड्या कुरकुरतात का अजून?

कल्पी

*

डोंबिवली
४ फेब्रुवारी

चि. कल्पितास,

कड्या कुरकुरत नाहीत. कधीच कुरकुरल्या नव्हत्या. तो आवाज मागच्या खिडकीचा होता, आणि खिडकी माझी नव्हे.

तुझं पत्र मिळालं. 'असं समज' म्हणतेस. मी लाकूडवाला माणूस आहे, समजत नाही, बघतो. जाहिरात रद्द होते ती नेमकी पान तीनवरची, भोक पडतं ते नेमकं प्रशांतच्या मापाचं. मग त्यानंतरच्या दोन आठवड्यांत किती भोकं पडली? मी तुझे जुने अंकही मोजले. प्रशांतचा सत्कार, प्रशांतचं हळदीकुंकू, प्रशांतची शीळफाट्याच्या खड्ड्यांबद्दलची चिंता. सुमतीबाईंचं नाव एकदाही नाही. कालपासून मी पेपर बंद केला. पेपरवाला म्हणाला, "काका, एवढ्या वर्षांचं गिऱ्हाईक, काय चुकलं?" मी म्हटलं, तुझं नाही.

एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी कोणाच्याच बाजूचा नाही असं लिहिलं होतं. ते पूर्ण बरोबर नव्हतं. नववीत शाळा सुटली तेव्हा आमच्या बाबांनी मला मिठागरावरच्या मुकादमाकडे हजेरी घ्यायला बसवलं होतं. संध्याकाळी मी वाचनालयाच्या पायरीवर बसायचो, कारण तिथे पंखा होता. सुमतीबाईंनी एकदा विचारलं, "नुसतं वारं खातोस का काही वाचतोस पण?" आणि सुतारकामाच्या नकाशांचं एक इंग्रजी पुस्तक दिलं, सोबत शब्दकोश. मी सभासद नव्हतो. त्यांनी आपल्या नावावर दिलं. मला कोणी उस्ताद नव्हता, कोणाच्या हाताखाली मी रंधा धरला नाही. जे आलं ते त्या पुस्तकातून आणि नासवलेल्या लाकडातून. तेव्हा मत मी कोणाला दिलं हे ओळखायला तुला वार्ताहर लागणार नाही.

पण पेटी मी दोघांसाठी केली. ती कशी केली ते एकदा वाच, म्हणजे खोक्यात आणि पेटीत काय फरक असतो ते कळेल. जुनं सागवान, एका पाडलेल्या घराच्या तुळईचं. खिळा एकही नाही, सगळे सांधे खाचेत खाच. वरचं झाकण कायमचं स्क्रूने बंद. कागद बाहेर काढायचा तो तळाच्या सरकत्या फळीतून, तिला कुलूप. आणि वरच्या फटीखाली माझी स्वतःची युक्ती: एक अरुंद गाळा आणि त्यात दोन तिरप्या पितळी पट्ट्या. कागद खाली जातो, वर येत नाही. फटीतून तार घालून कोणी कागद ओढू म्हणेल तर शक्य नाही. हे कोणी सांगितलं नव्हतं. मला सुचलं, मी केलं. गाळ्याचे आतले कोपरेसुद्धा गोल केले, जिथे कोणाची नजर कधी पोचणार नव्हती.

मोजणी झाल्यावर वाचनालयात ठेवायला सुरक्षित जागा नाही म्हणून पेटी मी घरी आणली. पडवीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

तक्रार छाप. पूर्ण. तू काय कापलंस आणि कोणासाठी कापलंस ते तरी कळू दे.

काळुराम

*

ठाणे
१० फेब्रुवारी

दादा,

खाली 'काळुराम' अशी सही केलीस. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "रागावलाय, पण पत्र टाकतोय ना, मग ठीक आहे."

मला हे सांगायचं नव्हतं. तूच सोडत नाहीस. मी कापलेलं वाक्य सुमतीबाईंच्या तक्रारीतून जसंच्या तसं उतरवते:

'मतदान संपल्यावर मोजणी सुरू होईपर्यंत पेटी तासभर कार्यालयात होती. तिची एकमेव किल्ली पेटी बनविणारे श्री. काळुराम मढवी यांच्याकडे होती व सीलही त्यांनीच लावले होते. सात मतपत्रिका कमी भरण्याशी याचा काही संबंध आहे का, याची चौकशी व्हावी.'

पक्षपात केला का? केला. तुझ्या बाजूने केला. त्या संध्याकाळी डेस्कवर तो कागद माझ्या हातात आला आणि मला झोपाळा दिसला, चौरंग दिसला. मी ते वाक्य काढलं. मग उरलं ते इतकं बारीक होतं की पोपटाच्या वर मावलं. 'किरकोळ तफावत' हेही माझंच. किरकोळ म्हटलं की कोणी पुढे विचारणार नाही असं वाटलं. संपादकांना मी काही बोलले नव्हते. तुझं दुसरं पत्र आल्यावर बोलले. ते म्हणाले, "नातेवाइकाची बातमी होती तर दुसऱ्याच्या हातात द्यायची होतीस." खरंच द्यायची होती. आता वाचनालयाची बातमी माझ्याकडे येणार नाही, सहकारी स्वप्ना बघेल.

सुमतीबाईंनी हे का लिहिलं मला माहीत नाही. त्यांच्याबद्दल वाईट काही मनात आणू नकोस असं म्हणणार होते, पण ते तुझं तू ठरव.

पूर्ण तक्रार छापायची तुझी मागणी अजून आहे का ते कळव. तू नाही म्हणालास तरी स्वप्ना छापेल असं मला वाटतं. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. एकदा नाव छापलं की ते कोणाच्या घरातून परत आणता येत नाही.

कल्पी

*

डोंबिवली
१५ फेब्रुवारी

चि. कल्पी,

पत्र गुरुवारी मिळालं. मी ते पडवीत उभ्याने वाचलं आणि मग बसून वाचलं. आईला वाटलं कोणी गेलं. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिनी तुजं नाव झाकलं न तू तिलाच बोल लावतस? आरं, आपलीच पोर हाय ती." मी म्हटलं, आई, झाकायला सांगितलं कोणी? ती म्हणाली, "झाकायला कोन सांगतं?"

दुसऱ्या दिवशी सुमतीबाईंकडे गेलेलो. दार त्यांनीच उघडलं. मी आत जायच्या आधीच म्हणालो, "बाई, तुम्ही माझ्यावर लिहिलंत?"

"लिहिलं. आधी बस. चहात साखर अजून दोन चमचेच ना?"

"किल्लीचं लिहिलंत."

"किल्ली तुझ्याकडे होती की नव्हती?"

"होती."

"दुसरी कोणाकडे होती?"

"दुसरी केलीच नव्हती."

"सील कोणी लावलं?"

"मीच. पण बाई..."

"मग मी खोटं काय लिहिलं, ते सांग. खोडते."

त्यांनी बिस्किटं पुढे केली. रागाने गेलेल्या माणसाने बिस्किट खायचं नसतं, पण माझा हात गेला. मग त्या म्हणाल्या, "काळुराम, तू सात मतं चोरशील असं मला मेल्यावरही वाटणार नाही. पण तू माझा म्हणून मी किल्ली वगळली असती, आणि प्रशांतचा सुतार असता तर लिहिली असती, तर मी ज्या खुर्चीला उभी राहिले तिच्या लायकीची नव्हते. तुझा पेपरवर राग आहे म्हणे. कशाबद्दल?"

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

निघताना म्हणाल्या, "आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं. ते चुकलं." एवढं बोलून त्यांनी मला नेहमीप्रमाणे पायरीपर्यंत सोडलं.

तर माझी मागणी आहे तीच आहे. छाप. म्हणजे स्वप्नाला सांग. नाव पूर्ण घाला: काळुराम पोशा मढवी. गावात काळुराम मढवी आणखी एक आहे, त्याला उगाच त्रास नको.

मी चोर नाही हे मला सिद्ध करता येत नाही. पेटी रिकामी आहे, तिच्याकडे बघून कोणाला काय कळणार? रोज फडक्याने पुसतो, एवढंच. हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत नाही.

काळूदादा

*

ठाणे
२० फेब्रुवारी

दादा,

कात्रण सोबत आहे. पान तीन, दोन कॉलम. स्वप्नाने पूर्ण तक्रार छापली, तुझं नाव वडिलांच्या नावासकट, ठोंबरे गुरुजींचं म्हणणं आणि खाली एक चौकट: आधीची बातमी अपुरी होती, ती संपादित करणारी व्यक्ती संबंधितांची नातेवाईक होती, दिलगीर आहोत. ती व्यक्ती म्हणजे मी. ऑफिसात दोन दिवस कोणी थट्टा केली नाही, त्यावरून कळलं की प्रकरण गंभीर आहे.

तुझ्याकडे काय झालं असेल त्याचा अंदाज आहे. नील सांगत होता, प्रशांतच्या पॅनेलने त्या पानाचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरवले. 'मतं सुताराने खाल्ली.' आता सात मतांचा हिशेब त्यांच्याकडे कोणी मागत नाही ना, म्हणून. तू फोन उचलत नाहीस. विकीला विचारलं तर म्हणाला, "बाबा मखरांच्या दोन ऑर्डरी परत गेल्या म्हणून गप्प आहेत, बाकी जेवतात." तुझ्या पोराचं हे असं असतं, बातमी पहिल्या वाक्यात देतो.

मला काय लिहावं कळत नाही म्हणून जुनं काहीतरी लिहिते. काल कपाट आवरताना तू मला सातवीत करून दिलेला गल्ला सापडला. त्याचं उरलेलं अर्धं. आठवतो? आंब्याच्या लाकडाचा, वर फट, आत तुझी काहीतरी युक्ती, की मी केसांची पिन घालून पैसे काढू नयेत. मी काय कमी प्रयत्न केले! शेवटी बाबांनी तो फोडला. आणि मी भांडले, की आजीने दिलेल्या घडी केलेल्या नोटा कमी आहेत, बाबांनीच घेतल्या. केवढी रडलेले. मग महिन्याभराने वरच्या तुकड्याशी खेळताना त्या कोपऱ्यातून निघाल्या, घट्ट अडकून बसलेल्या. बाबांना मी सॉरी म्हटलंच नाही. तेवढ्यासाठी तो तुकडा ठेवलाय की काय कोण जाणे.

दादा, एवढंच. फोन उचल.

कल्पी

*

डोंबिवली
४ मार्च

चि. कल्पी हिस आशीर्वाद.

तुझं पत्र २४ तारखेला मिळालं. गल्ल्याचा परिच्छेद वाचला आणि पत्र हातात तसंच धरून पडवीत गेलो. विकीची बॅटरी घेतली, पेटीच्या फटीला डोळा लावला. आधी पितळेची चमक दिसली. मग बॅटरी तिरपी धरली. डाव्या कोपऱ्यात गुलाबी कागदाची कड होती. मतपत्रिका गुलाबी होत्या.

आता कारण सांगतो, ते स्वप्नाला नीट छापता यावं म्हणून. मी पट्ट्या सरळ कापल्या आणि गाळ्याचे कोपरे गोल केले. सरळ पट्टी गोल कोपऱ्यात भिडत नाही, मध्ये बोटभर जागा राहते. पेटी झाल्यावर मी वहीचे कागद घडी करून टाकून पाहिले होते. ते पातळ, ते बिनतक्रार खाली गेले. छापून आल्या त्या मतपत्रिका जाड कागदाच्या. लोकांनी चार-चार घड्या घातल्या. बहुतेक सरळ पडल्या, काही कोपऱ्याकडे सरकल्या आणि त्या जागेत पाचरीसारख्या बसल्या. मोजणीच्या वेळी पेटी हलवली, उलटी केली, तळ उघडून हात फिरवला. वर, झाकणाखाली, बघणार कोण? झाकण मीच कायमचं बंद केलेलं. आणि मी तिथे उभा राहून सगळ्यांना सांगत होतो की पेटीत काही राहणं शक्य नाही. ठोंबरे गुरुजींनी विचारलं होतं, "काळुराम, वरून उघडायची का?" मी म्हटलं होतं, "गुरुजी, काम माझं आहे." हे वाक्य तू छापू शकतेस.

कोपरे सुबक दिसावेत म्हणून गोल केले. त्या गल्ल्यातही तसेच केले होते. तीस वर्षांत माझा हात सुधारला, खोड गेली नाही.

कागदाला हात लावला नाही. पेटीला चहूबाजूंनी कापड गुंडाळून, गाठीवर लाख लावून, आईच्या पलंगाखाली ठेवली. मग एकाच मजकुराच्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक सुमतीबाईंना, एक प्रशांतला, आणि गुरुजींनाही कळवलं: पेटीत मतपत्रिका अडकलेल्या दिसतात, रविवारी सकाळी वाचनालयात सर्वांसमक्ष झाकण उघडू.

रविवारी नील होता, तेव्हा बातमी तुला कळलीच असेल. पण त्याला घाई असते म्हणून पुन्हा सांगतो. वाचनालय भरलं होतं. मी स्क्रू काढले. पहिला स्क्रू निघेना, मीच इतका आवळलेला. मागून कोणीतरी म्हणालं, "सुतार मतं देत नाय अजून." लोक हसले. मीही हसलो असतो, पण तोंडात दुसरा स्क्रू धरलेला होता. झाकण निघालं. कोपऱ्यांत सात घड्या, चिमट्याने काढाव्या लागल्या. गुरुजींनी एकेक उघडून वाचली.

प्रशांत केणे पाच. सुमती ओक दोन.

म्हणजे प्रशांत तीन नव्हे, सहा मतांनी आला. आधीही तोच आला होता. कोणी काही चोरलं नव्हतं, कोणी खिशात घालून नेलं नव्हतं. तुझं 'किरकोळ तफावत' शेवटी खरं ठरलं, ते तू लिहिलंस त्या कारणासाठी नव्हे.

वाचनालय जाणार. मी केलेली कपाटं पहिल्या मजल्यावर मावतील का बघायला हवं.

सुमतीबाई उठल्या, प्रशांतकडे गेल्या आणि म्हणाल्या, "अभिनंदन. आता तक्रार नाही." मग माझ्याकडे वळून, "काळुराम, तुझ्यावरचं वाक्य मी मागे घेते. पेटीवरचं ठेवते." हेही छापायला हरकत नाही.

प्रशांत मात्र खुर्चीत बसला तो उठलाच नाही. त्याची पोरं घोषणा द्यायला लागली तर त्यांनाच म्हणाला, "गप रे." जिंकलेला माणूस असा बसलेला मी पाहिला नव्हता.

आता छापायचं ते: मतपेटीत दोष होता. दोष बनवणाऱ्याचा. काळुराम पोशा मढवी, सुतार. पान कुठलंही चालेल, पोपटाखालीही चालेल. पट्टी काढणार नाही. पेपर कालपासून पुन्हा सुरू केलाय. पेपरवाला म्हणाला, "काका, काय, भांडण मिटलं?" मी म्हटलं, भांडण होतं ते मोजण्यात होतं. त्याला काही कळलं नाही, पण पेपर टाकतो.

आत्याला सांग, झोपाळ्याची एक कडी खरोखर कुरकुरते. मी काल बसून पाहिलं.

एक गोष्ट मागे ठेवली आहे. ती नीलला माहीत नाही. छापायची की नाही ते तुझं तू आणि स्वप्ना ठरवा. साक्षीला आई आहे, ती झोपाळ्यावर होती आणि तिला गुडघ्यांचा त्रास आहे, कानांचा नाही.

चिठ्ठी पोचल्यावर, शुक्रवारी संध्याकाळी, प्रशांत एकटाच घरी आला. बूट बाहेर काढले, आईच्या पाया पडला. म्हणाला, "काळूदादा, पेटी मला द्या ना."

"कशाला?"

"नवीन बिल्डिंगच्या लॉबीत ठेवू. काचेत. खाली पाटी, तुमच्या नावाची."

"मग रविवारनंतर ने."

"रविवारनंतर नको. आत्ता द्या, आहे तशी. उघडायची कशाला, फुकट लाकूड खराब होईल."

"आत कागद आहेत, प्रशांत."

"ते राहू दे ना आतच. कोणाला पायजेत आता? बाईंचं वय झालं, तुमचंही नाव खराब झालंय, परत चर्चा, परत पेपर. तुम्ही पेटी द्या, मी तुमच्यावरचं सगळं बंद करतो. नव्या वाचनालयाचं फर्निचर पण तुमचंच."

मी म्हटलं, "त्यात तुझीही मतं असतील."

तो हसला. "कोणाची असतील ते मला माहीत आहे, दादा." मग त्याने आकडा सांगितला. आई झोपाळ्यावरून म्हणाली, "काळू, पावन्याला पानी दे न फाटक उघड."

मी पाणी दिलं आणि फाटक उघडलं. त्याचीच पाच मतं आत होती. ती बाहेर येऊ नयेत म्हणून, सहा हजारांचं लाकूड लागलेल्या माझ्या पेटीला प्रशांत केणे चार लाख रुपये देत होता.

काळूदादा